म्हात्रे मॅडम आणि पंख्याचा हुक

म्हात्रे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आमच्या अंगणवाडीतल्या खुर्चीत अडकल्या होत्या. खुर्ची तीन वर्षांच्या पोराच्या मापाची, लाल प्लॅस्टिकची, पाठीवर हसरा ससा. मॅडम कुणाच्या मापाच्या होत्या ते मी सांगणार नाही. एवढंच सांगते की अलिबागहून रेवदंड्याला येणाऱ्या रिक्षात त्या मागच्या सीटवर बसल्या की रिक्षावाला तिसऱ्या गिऱ्हाइकाची वाट बघायचा नाही.

मी खुर्ची एकीकडे ओढतेय, आमची मदतनीस इंदूबाय मॅडमना दुसरीकडे ओढतेय आणि समोर सगळी पोरं टाळ्या वाजवतायत, असा तो प्रसंग. सुटल्यावर मॅडमनी पदर सारखा केला, कंबर चोळली आणि शांतपणे म्हणाल्या, "खुर्चीच्या हाताची कड टोचते. पोरांच्या मांड्यांना वळ उठत असतील. खुर्च्या बदला."

पोरांच्या मांड्या पाहिल्या, तर खरंच वळ होते. आम्ही इतके दिवस डासांना शिव्या देत होतो.

मॅडम आमच्या भागातल्या अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका. महिन्यातून एकदा येऊन पाणी, स्वयंपाक, संडास, औषधाची पेटी, पोरांची वजनं, सगळं तपासायचं हे त्यांचं काम. आधीच्या पर्यवेक्षिका दारातूनच "सगळं ठीक ना?" असं विचारत आणि आम्हीही "ठीक" म्हणून चहा टाकत असू. म्हात्रे मॅडमचं तसं नव्हतं. त्यांचा एक मंत्र होता. तपासणी सुरू करताना साडीचा पदर कमरेला खोचायच्या आणि म्हणायच्या, "आदी माजेवर, मंग पोरांवर!"

एरवी त्या शुद्ध बोलत, सरकारी पत्रासारखं. पण हे वाक्य मात्र त्यांच्या माहेरच्या आगरी बोलीतच यायचं. त्या पेणकडच्या मिठागरावर वाढलेल्या. माहेरच्या म्हणायला जीभ अडखळते, कारण लग्न त्यांनी केलंच नव्हतं.

तर आदी माजेवर. पोरांचं पाणी पोरांच्याच पेल्यातून प्यायच्या. खिचडी पातेल्याच्या तळातली मागायच्या, वरची नाही. संडासाची कडी पोराला आतून उघडता येते का हे बघायला एकदा गुडघ्यांवर बसून स्वतःला कोंडून घेतलं. कडी उघडली नाही. बाहेरून आम्ही दार खटखटवतोय, आणि आतून आवाज येतोय, "घाबरू नका. मी रडायला लागले तर किती लांब ऐकू जातं तेही बघूया." आणि त्या खरोखर रडल्या, म्हणजे रडल्यासारखा आवाज काढला. शेजारच्या वलांडीवर बोंबील वाळत घालणाऱ्या बायका हातातलं काम टाकून धावत आल्या. "आवाज जातो," मॅडम बाहेर येत म्हणाल्या, "पण कडी काढून टाका."

आमच्या कोळणींना त्यांच्याबद्दल भारी माया. त्यातून एकदा अनर्थ झाला. आग विझवायला वाळूची लाल बादली दाराशी टांगलेली असते. कविता म्हणून आमच्याकडची एक आई, बंदरावर मासळी निवडायला जाते. तिला वाटलं, मॅडम आज येणार, त्यांना चिंबोऱ्या, म्हणजे तुमचे खेकडे, द्याव्यात. पण देणार कशा? सरकारी बाई, हातात घ्यायच्या नाहीत. म्हणून तिने नांग्या बांधलेल्या चार चिंबोऱ्या ओल्या वाळूत पुरून त्या बादलीत ठेवल्या, जाताना मॅडमच्या पिशवीत सरकवू म्हणून. आमच्याकडे ओल्या वाळूत चिंबोरी ठेवणं म्हणजे तुमच्याकडे फ्रीजमध्ये दूध ठेवण्याइतकं साधं. बादली सरकारची आहे आणि आगीची आहे हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

मॅडमनी वाळू कोरडी आहे का बघायला हात घातला. एका चिंबोरीची दोरी सुटली होती.

त्यांनी ओरडून छप्पर डोक्यावर घेतलं असतं तरी मी समजून घेतलं असतं. पण त्या बोटाला लटकलेल्या चिंबोरीकडे बघत म्हणाल्या, "बादली आहे. वाळू आहे. वाळू ओली आहे. आत जिवंत प्राणी आहे." मग कविताकडे वळून, "किती हायत गो?" कविताने चार बोटं दाखवली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मॅडमनी पिशवी उघडली. "भेट मी घेत नाही. या पुरावा म्हणून नेते." पुढच्या महिन्यात इंदूबायने विचारलं, पुराव्याचं काय झालं? मॅडम म्हणाल्या, "कालवन केला."

आता त्या पंख्याच्या हुकाकडे येते.

तीन-चार वर्षांपूर्वी आमच्या अंगणवाडीला पाळणाघर जोडलं. बंदरावर पहाटे होड्या लागतात, बायका निवडायला जातात, तान्ही पोरं ठेवायची कुठे? तोवर ती थोरल्या बहिणींच्या कडेवर असायची आणि बहिणी शाळेबाहेर. पाळणाघर झालं, पण इमारत नवी, छताला एकच हुक, तोही पंख्याचा. पंखा आला, खोक्यातून निघालाच नाही. कारण आयांनी सांगितलं, आमचं पोर झोळीशिवाय निजत नाय. मग इंदूबायच्या नवऱ्याने होडीचा दोर आणून त्या हुकाला लुगड्याची झोळी बांधली. पोरं आळीपाळीने निजू लागली. पंखा कोपऱ्यात खोक्यात बसून त्यांच्याकडे बघायचा.

मॅडमनी झोळी पाहिली आणि पदर खोचला. मी म्हटलं, "मॅडम, नको." पण त्या बसल्यासुद्धा. दोर करकरला. हुक हलला नाही. "झोका दे," त्या म्हणाल्या. मी दोरी ओढली. "अजून." मी पुन्हा ओढली. "अजून दोन." डोळे मिटलेले, चेहरा एकदम सैल. मला वाटलं, कान देऊन दोराचा आवाज ऐकतायत. मग उठल्या आणि म्हणाल्या, "पेलते. फक्त खाली गादी घाला आणि झोळी थोडी खाली बांधा. माझ्या वजनाने जमिनीपासून वीतभर राहिली पाहिजे, म्हणजे पोर पडलं तरी लागणार नाही."

पुढे दर महिन्याला हे ठरलेलंच. पाणी, खिचडी, पेटी, आणि शेवटी झोळी. इंदूबाय चेष्टेने म्हणायची, "हुकाची तपासनी करतात का झोपेची?" मी तिला गप्प करायची. अधिकारी माणूस आहे, काही विचार असेल.

मग अलिबागहून नवे साहेब आले. तरुण, नीटनेटके, स्वभावाने वाईट नाहीत. वर बघून म्हणाले, "पंखा कुठे आहे?"

"खोक्यात," मी म्हटलं.

"आणि पंख्याच्या जागी?"

"पोर," इंदूबाय म्हणाली.

खरंच त्या वेळी कविताचा धाकटा आत गाढ झोपला होता. साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं. हुक पंख्यासाठी आहे, उद्या एखादं पोर पडलं तर जबाबदार कोण, असं त्यांनी विचारलं आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. झोळी काढा, पंखा लावा, सोमवारी बघायला येतो, नाहीतर पाळणाघर बंद ठेवावं लागेल, असं सांगून ते गेले.

आम्ही झोळी काढली. पंखा गरगर फिरायला लागला आणि पोरं गरगर रडायला लागली. गादीवर एक निजवावं तर दुसरं उठवतं. दोन दिवसांत आया पोरं घरी न्यायला लागल्या. कविताचा धाकटाही यायचा बंद झाला.

मॅडमना कळवलं तशा त्या आल्या. तपासणीचा दिवस नव्हता, पदरही खोचला नाही. "कविताच्या घरी जाऊया," एवढंच म्हणाल्या.

घरात ओटीवर झोळी बांधलेली. खाली कविताची थोरली, प्राची, तिसरीतली, पाय पसरून बसलेली. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवलेली आणि मांडीवर गणिताचं पुस्तक. पाय हलत होता, डोळे पुस्तकात. शाळेची वेळ होती.

"शाळा?" मी विचारलं.

"आय बंदरावर गेलीय. हा निजत नाय," प्राची म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून तर मला जास्त वाईट वाटलं.

मॅडम खूप वेळ त्या पोरीच्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. मग खाली वाकून दोरी अंगठ्यातून सोडवली आणि म्हणाल्या, "तू शालेत जा. मी हाय." प्राची दप्तर घेऊन पळाली. मॅडम ओटीवर बसून झोका देत राहिल्या, कविता बंदरावरून येईपर्यंत. मीही बसले.

सोमवारी साहेब आले तर पंखा पुन्हा खोक्यात आणि झोळी पुन्हा हुकाला. ती बांधणाऱ्या मॅडम दारातच उभ्या. साहेब काही बोलायच्या आत त्यांनी पदर खोचला.

"साहेब, तुम्हाला पोर पडायची भीती आहे ना? मलाही आहे. म्हणून आदी माजेवर." आणि त्या झोळीत बसल्या. "द्या झोका."

"मी?" साहेब म्हणाले.

"तपासणी तुमची आहे."

साहेबांनी इकडे तिकडे बघितलं. दारात बंदरावरच्या बायका जमल्या होत्या, डोक्यावर पाट्या तशाच. साहेबांनी दोन बोटांनी दोरी धरली आणि हळूच ओढली. "जोरानं वढा हो सायेब, जाल्यात हात हाय का लोन्यात?" मागून कुणीतरी म्हणालं. साहेबांनी जोराने ओढली. मॅडम गेल्या आणि आल्या. हुक जागेवर. मॅडमनी डोळे मिटले आणि सवयीने म्हणाल्या, "अजून दोन." अलिबागच्या साहेबांनी अजून दोन दिले.

मग साहेबांनी गादी दाबून पाहिली, झोळीची उंची पाहिली आणि कपाळ पुसत म्हणाले, "पंखा भिंतीवरचा घ्या. आणि हुकाची दर महिन्याला तपासणी झाली पाहिजे, म्हात्रे मॅडम."

"होईल," मॅडम झोळीतूनच म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता. प्राची पुन्हा शाळेत जाऊ लागली.

मॅडम गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. शेवटच्या तपासणीला सोनचाफ्याची फुलं घेऊन आल्या, इंदूबायला दिली, मला दिली. पाणी प्यायल्या, खिचडी खाल्ली. खुर्चीवर मात्र बसल्या नाहीत, नुसती थोपटली. दुपार झाली होती. कविताचा धाकटा झोळीत निजला होता. मॅडमनी त्याला अलगद उचलून गादीवर ठेवलं आणि स्वतः झोळीत बसल्या.

मी दोरी धरली. आता कुणी साहेब नव्हते, हुक कितीदा तरी पारखून झाला होता. राहवलं नाही म्हणून विचारलं, "मॅडम, आता कसली तपासणी?"

त्या डोळे मिटूनच हसल्या. "कसली नाय गो. मी थोरली. आय-बापूस मिठागरावर, पाठची चार भावंडा माजे हातान. चारी जनांना मीच निजवला. झोलीची दोरी माजे अंगठ्याला. आता सगले मोठे झाले, कंटेनरचे मालक झाले, बंगले बांधले. बोलावतात पन. जाते मी. पन मना कोनी झोका दिला नव्हता कवा. तू देत व्हतीस, म्हनून दर महिन्याला हुक बघायची."

मी दोरी ओढली. इंदूबाय भांडी घासत होती, तिने काम थांबवलं आणि कधी नव्हे ती चेष्टा न करता हळू आवाजात अंगाई गुणगुणायला लागली. मॅडम "अजून दोन" म्हणाल्या नाहीत. बऱ्याच वेळाने मी वाकून पाहिलं तर त्या झोपल्या होत्या. पाय गादीवर टेकलेले, तोंड जरासं उघडं, तान्ह्या पोरांचं असतं तसं.

अंगणवाडी बंद करायची वेळ झाली. वेळेवर कुलूप लागलं पाहिजे, हा नियम मॅडमचाच. कविता पोराला न्यायला आली, आत डोकावली आणि दारातच थांबली. पाटी आवाज न करता खाली ठेवली. गादीवरून पोराला उचलून खांद्यावर टाकलं.

"उठवू का?" मी खुणेने विचारलं.

"निजू दे गो तिला," कविता कुजबुजली. "मी भायेर बसताव."

ती पायरीवर बसली, पोराला मांडीवर घेऊन. इंदूबायने कुलूप-किल्ली खिडकीत ठेवली आणि तीही तिच्याशेजारी जाऊन बसली. झोका थांबला तर मॅडमना जाग येईल, म्हणून मी दोरी सोडली नाही.