सात शब्दांचा हवालदार

नागपुरात राहून नाटक करतो आणि रुपराव गोंडाण्यांना ओळखत नाही, असा माणूस अजून जन्माला यायचा होता! निदान रुपरावांचं तसं म्हणणं होतं. आणि हे म्हणणं ते नंदनवनातल्या आपल्या दोन खोल्यांत इतक्या वेळा म्हणाले होते, की भिंतींनाही पाठ झालं होतं.

म्हणून १९७९च्या दिवाळीआधी त्यांची मुलगी प्रेमिला शाळेतून एक छापील कागद घेऊन आली, तेव्हा रुपरावांची छाती आपोआप फुगली. कागद कार्यानुभवाचा होता. नववीतल्या प्रत्येकानं दिवाळीच्या सुट्टीत कुठल्यातरी उद्योगात वीस तास काम करायचं आणि तिथल्या मालकाची सही आणायची. खाली तीन रकाने होते: उद्योगाचं नाव, कामाचे तास, तयार केलेली वस्तू.

"माझ्या बहिणीकडं मेणबत्त्या कर," प्रेमिलाची आई मनकर्णा चुलीपाशी बसूनच म्हणाली. "वीस तासांत शंभर मेणबत्त्या होते. शाळेतही चालते, घरातही चालते."

"मले मेणबत्त्या नाही करायच्या," प्रेमिला म्हणाली. "मले नाटकात काम करायचं आहे."

मनकर्णेच्या हातातली भाकर हातातच राहिली. रुपरावांच्या मात्र अंगावर मूठभर मांस चढलं.

"नाटकात ना? मंग रडतं काहून! आनंदराव माझा जुना दोस्त आहे. अख्खं नाट्य मंडळ त्याच्या हातात. आठ दिवसांत तुले हिरोईन करून दाखवतो, नाही केलं तर रुपराव नाव सांगणार नाही!"

इथे रुपरावांचं आणि नाटकाचं नातं सांगायला हवं. ते थोडक्यात सांगता येतं, कारण ते नातंच थोडकं होतं.

रुपराव तार ऑफिसात कारकून. लोकांनी लिहून आणलेले शब्द पेन्सिलीच्या टोकानं मोजायचे, हेच त्यांचं दिवसभराचं काम. दुसऱ्यांचे लाखो शब्द त्यांनी मोजले होते, पण स्वतःचे शब्द फक्त सात. अठरा वर्षांपूर्वी, १९६१ साली, आनंदरावांच्या मंडळानं 'कुलूपबंद हवेली' हे नाटक केलं होतं आणि त्यात रुपराव हवालदार होते. दगाबाज मुनीम हवेलीच्या किल्ल्या खिशात घालतो, पोरकी नायिका रडते, आणि अगदी शेवटी हवालदार येऊन गरजतो, "थांबा! या घराचा खरा मालक जिवंत आहे!" त्यावर पडदा. सात शब्द, पण सगळं नाटक त्या सातांवर तोललेलं.

अडीच तास रुपराव विंगेत गणवेश घालून उभे होते. वेळ झाली. ते आत गेले, हात वर केला, तोंड उघडलं, "थां—" आणि धाडकन पडदा पडला!

पडद्याचा दोर मंडळाचा पडदा सांभाळणाऱ्या दादाजींच्या हातात होता. नायिकेचं रडणं पाहून दादाजींनाही रडू आलं, डोळे पुसायला त्यांनी दोन्ही हात वर नेले, आणि दोर सुटला. प्रेक्षक घरी गेले ते हवेली मुनिमाचीच झाली असं समजून. मुनीम झालेल्या माणसाला पुढे वर्षभर मोहल्ल्यात कोणी उधार साखर दिली नाही!

त्या दिवसापासून रुपराव दादाजींशी बोलले नव्हते. मंडळानंही पुन्हा त्यांना बोलावलं नव्हतं. पण ते सात शब्द काही गेले नाहीत. रोज सकाळी दाढी करताना रुपराव आरशासमोर साबणाचा ब्रश उंच धरून गरजत, "थांबा! या घराचा खरा मालक जिवंत आहे!" आणि आतून मनकर्णा म्हणे, "हो, जिवंत आहे, आणि चहा गाळून राहिली! थंडा होते, या!" हसण्यावारी जायचं ते. पण ब्रश खाली ठेवताना रुपरावांना रोज घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटायचं. एकदा, फक्त एकदा, समोर माणसं बसलेली असताना ते वाक्य म्हणायला मिळावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. ते कोणाकडे मागावं हे मात्र त्यांना कळत नव्हतं.

आणि आता त्याच मंडळानं दिवाळीची सुट्टी संपल्यावरच्या रविवारी तेच नाटक पुन्हा लावलं होतं! हा योगायोग रुपरावांनी घरी कोणाला सांगितला नाही.

आनंदराव रामदासपेठेत एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. रुपराव तिथे पोचले तेव्हा ते बाटल्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवत होते.

"जयभीम, आनंदराव!"

"जयभीम, जयभीम. बसा. ताप किती दिवसांपासून आहे?"

"ताप नाही गा! मी रुपराव! हवालदार!"

आनंदराव घाबरून उभे राहिले. "काहून, काय झालं? डॉक्टरसाहेब आत आहे!"

ओळख पटायला पाच मिनिटं लागली. पटल्यावर आनंदराव म्हणाले, "हो हो, तो पडदा पडला तो! बोला."

रुपरावांनी पोरीची गोष्ट काढली. हिरोईन? हिरोईन ठरली होती. हिरोईनची मैत्रीण? तीही ठरली होती. मोलकरीण? मोलकरणीचं काम आनंदरावांची मेहुणी करणार होती, तिथे हात लावायची सोय नव्हती. "आणि... हवालदार?" रुपरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत विचारलं.

"हवालदार केशव. पण पोट्टीले हवालदार कसं करता, भाऊ?"

"नाही नाही, मी असंच विचारलं."

"एक जागा आहे पण. दादाजीचा खांदा दुखून राहिला. दोरापाशी हात पाहिजे."

घरी येईपर्यंत रुपराव सायकल हातात धरून चालत आले, म्हणजे तेवढाच उशीर! पोरीला काय सांगायचं? हिरोईन करतो म्हणालो आणि दोर धरायला दिला, तोही त्या माणसाजवळचा! पण प्रेमिलानं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तिथून नाटक ऐकू येते ना, बाबा?"

"येते."

"मंग मी जातो."

नागपूरच्या पोरी रागात असोत की आनंदात, 'जातो'च म्हणतात. ही आनंदात होती.

दादाजींची शिकवणी कडक होती. अठरा वर्षांपूर्वीच्या त्या चुकीनंतर त्यांनी रंगमंचाकडे पाहणंच सोडलं होतं. ते भिंतीकडे तोंड करून, रंगमंचाकडे पाठ करून बसत आणि नुसते ऐकत. प्रेमिलालाही त्यांनी तसंच बसवलं.

"पाह्यचं नाही, बाई. पाह्यलं की माणूस रडते, न् रडला की दोर सुटते. वाक्य ऐकायचं. शेवटचं वाक्य कानावर पडलं, की पडदा सोडायचा. वाक्य पडलं नाही, तर आभाळ पडलं तरी पडदा पडला नाही पाहिजे. समजलं?"

"समजलं, दादाजी."

"तुह्या बापाचं वाक्य मी पडू नाही देलं," दादाजी भिंतीलाच म्हणाले. "अजून झोप नाही लागत मले."

प्रेमिलानं हे घरी सांगितलं, तेव्हा रुपरावांनी पेपर तोंडासमोर धरला. पेपर उलटा होता.

आता राहिला तो कागद. उद्योगाचं नाव: नाट्य मंडळ. तास: वीस. तयार केलेली वस्तू? बापलेकींनी तासभर डोकं खाजवलं. शेवटी रुपरावांनी तारेची सवय वापरली, जेवढे शब्द कमी तेवढं चांगलं! त्यांनी लिहिलं: 'पडदा'.

शाळेत ठवकर बाईंनी तो रकाना वाचला आणि त्यांचे डोळे विस्फारले. बाकीच्या मुलींनी पायपुसणी आणि उशांचे अभ्रे लिहिले होते.

"केवढा पडदा, प्रेमिला?"

"तीस फूट, बाई," प्रेमिलानं खरं तेच सांगितलं.

"एकटीनं?"

"दादाजी होते जवळ. पण खांदा दुखते म्हणून हात मीच लावला."

बाई धावत हेडमास्तरांकडे गेल्या. तीस फुटी पडदा! वीस तासांत! हेडमास्तरांनी ठरवलं की शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी असाच एक या मुलीकडून शिवून घ्यायचा, आणि नमुना डोळ्यांनी पाहायला रविवारी दोघांनीही नाटकाला यायचं! प्रेमिलानं हे घरी येऊन सांगितलं. घरात सुईत दोरा ओवायचा तर तोही मनकर्णाच ओवत होती.

"सांगून टाका खरं," मनकर्णा म्हणाली.

"सांगतो ना. नाटक झाल्यावर सांगतो."

रविवारी संध्याकाळी सहाला हॉल भरला. पहिल्या रांगेत हेडमास्तर, ठवकर बाई आणि त्यांच्या शेजारी जरीच्या पातळात मनकर्णा. तिसरी घंटा व्हायच्या आधी हेडमास्तर उठून पडद्याची किनार बोटांनी चाचपून गेले. "शिवण पक्की आहे!" असं ते बाईंना म्हणाले, आणि ते ऐकून विंगेत लपलेले रुपराव आणखी मागे सरकले. मागे सरकता सरकता ते आनंदरावांच्या पायावरच उभे राहिले.

आनंदरावांचा चेहरा पांढराफटक होता. हवालदाराचं काम करणारा केशव सासुरवाडीला रामटेकला गेला होता, आणि त्याची दुपारची बस चुकली होती!

"शेवटचं वाक्य कोण म्हणते आता? सात शब्द आहे, पण ऐन वक्तावर कोणाले पाठ..." आनंदराव थांबले. त्यांनी रुपरावांकडे पाहिलं. रुपरावांनी आनंदरावांकडे पाहिलं. रुपरावांचे ओठ आधीच हलत होते.

गणवेश केशवच्या मापाचा होता आणि केशव म्हणजे शेवग्याची शेंग. पँटचं वरचं बटण लागेना, म्हणून वर पट्टा आवळला. पण रुपरावांना कशाचंच भान नव्हतं. अठरा वर्षं! विंगेत ते पुन्हा अडीच तास उभे राहिले. पलीकडे भिंतीकडे तोंड करून दादाजी, आणि त्यांच्या शेजारी तशीच पाठमोरी बसलेली आपली पोर. तिच्या दोन्ही हातांना दोर गुंडाळलेला होता.

नायिका रडली. मुनिमानं किल्ल्या खिशात घातल्या. रुपराव आत गेले. हात वर केला. तोंड उघडलं.

समोर माणसं बसली होती. खरीखुरी, जिवंत, सगळी त्यांच्याकडेच पाहणारी! आरशात असं कधी नव्हतं. आरशात एकच माणूस असायचा, आणि तोही ओळखीचा.

शब्द आलेच नाहीत. थांबा नाही, घर नाही, मालक नाही. घशात जे रोज अडकायचं, ते आज कायमचं अडकून बसलं.

"थांबा!" प्रॉम्प्टर विंगेतून कुजबुजला. मग जरा मोठ्यानं. मग इतक्या मोठ्यानं, की मागच्या रांगेतले दोघंजण उठून जात होते ते थांबले.

मुनीम हुशार होता. "काय हवालदार, काही सांगायचं आहे काय?"

रुपरावांनी मान हलवली. हो.

"मग सांगा!"

रुपरावांनी मान हलवली. नाही.

हॉलमध्ये हसू फुटलं. आनंदराव दोराकडे धावले. "पडदा सोड! सोड वं पोरी!"

"वाक्य नाही पडलं," प्रेमिला भिंतीकडे पाहत म्हणाली.

"अवं, पडत नाही ते आता! सोड!"

"वाक्य पडल्याशिवाय पडदा पडत नाही!" दादाजी गरजले. आनंदरावांनी दोर ओढून पाहिला, पोरीनं तो आणखी एक वेढा घेऊन धरला. आणि त्या ओढाताणीत ती वळली. दादाजींचा नियम मोडून तिनं पहिल्यांदा रंगमंचाकडे पाहिलं.

बाबा हात वर करून उभे होते. सकाळी आरशासमोर असायचे तसेच, फक्त हातात ब्रश नव्हता. ओठ हलत होते आणि डोळ्यांत पाणी होतं.

तिनं दोर सोडला नाही, नुसता श्वास घेतला. लहानपणापासून रोज सकाळी ऐकलेलं वाक्य, त्याच चढानं आणि त्याच थांब्यानं, तिच्या गळ्यातून असं सुटलं की छताचे पंखे थरथरले:

"थांबा! या घराचा खरा मालक जिवंत आहे!"

हवालदार हात वर करून उभा, आणि आवाज हवेलीच्या भिंतीतून आलेला! मग टाळ्या पडल्या त्या अशा, की मंडळाच्या आयुष्यात तशा पडल्या नव्हत्या. प्रेमिलानं दोर सोडला. पडद्यामागे रुपराव तसेच उभे होते. अठरा वर्षं मनातल्या मनात जे वाक्य त्यांना ऐकू यायचं ते असंच होतं, अगदी असंच. आपल्या तोंडून ते कधीच असं निघालं नसतं, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या कळलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलायचं! पण त्या वाईट वाटण्याच्या पोटात काहीतरी ऊबदारही होतं.

हेडमास्तर मागे आले. पडद्याची उलटी बाजू पाहिली. तिथे ठिगळं होती आणि एका कोपऱ्यात '१९५८' असं सालही दोऱ्यानं भरलेलं होतं!

"हा पडदा तर जुना आहे! मग मुलीनं तयार काय केलं?"

रुपराव पट्ट्याशी खेळत खाली पाहू लागले. आनंदरावांनी हेडमास्तरांच्या हातातला कार्यानुभवाचा कागद ओढून घेतला, 'पडदा' खोडला आणि त्यावर लिहिलं: 'एक वाक्य'. ठवकर बाईंनी दहापैकी सहा गुण दिले. वस्तू प्रदर्शनात मांडता येत नाही म्हणून चार कापले.

"पुढच्या नाटकात ही पोट्टी पाहिजे मले. मोठं काम देतो," आनंदराव म्हणाले. "आणि रुपराव, तुम्ही..."

रुपराव एक पाऊल पुढे झाले.

"...तुम्ही दोर धरा. दादाजीचा खांदा अजून दुखते."

जानेवारीत नवं नाटक लागलं. रुपराव दादाजींच्या शेजारी भिंतीकडे तोंड करून बसले. दोघं आता बोलत होते, मुख्यतः खांद्यांविषयी. शेवटचा प्रवेश आला. प्रेमिलाचं वाक्य पडलं, अकरा शब्दांचं, रुपरावांनी सवयीनं मोजलं. टाळ्या वाजल्या. पडदा पडला नाही.

टाळ्या संपल्या. हात वर करून प्रेमिला तशीच उभी होती. लोक वाट पाहू लागले. दादाजींनी कोपरानं ढोसलं, तरी दोर घट्टच! रुपराव केव्हाचे मागे वळून पाहत बसले होते. डोळे घळाघळा वाहत होते, पण ते पुसायलाही हात मोकळा केला नव्हता. दादाजींची ती चूक त्यांना आज अठरा वर्षांनी समजली होती, आणि ती पुन्हा होऊ द्यायची नव्हती.

शेवटी नायिकेनं, चेहरा प्रेक्षकांकडेच ठेवून, दातांच्या फटीतून म्हटलं, "बाबा, सोडा आता!"