नरूतात्यांनी सुरू उतरवला

समस्त केळवेकर बंधुभगिनींना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येते की, नरूतात्यांच्या सुरूच्या कुंपणाची उंची आजपासून कमी होणार आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आपापली डोकी सांभाळावीत!

ही घोषणा खुद्द तात्यांनी शिडीवर चढून, कोयता उंचावून केली. ऐकायला शिडी धरलेला शेजारचा मी, एक कुत्रं आणि कुंपणापलीकडची कोळीण हिरूआते एवढीच मंडळी. पण तात्या विडा लावायला बसले तरी समोर सभा भरली आहे असंच त्यांना वाटायचं.

सुपारीच्या वाडीचा हा मालक प्रत्येक गोष्टीला 'शास्त्र आहे त्याला!' म्हणायचा, की वाद संपला. सुरूची झाडं माडांशी बरोबरी करू लागली, तेव्हा मी हटकलं होतं. तात्या कडाडले, "तारापूरला अणूची भट्टी बांधतायत. उद्या तिकडून वारा सुटला तर आडोसा कोण करणार? तुझा बाप?"

अणू राहिला दूर, आडोसा झाला हिरूआतेला. कुंपणाला लागूनच तिच्या वलांड्या होत्या; बांबूंच्या त्या मांडवांवर ती बोंबील वाळत टाकायची. ऊन नाही, वारा नाही. बोंबील वाळायचे सोडून घामेजायला लागले. आणि तिचं वर्ष त्यांच्यावरच निघायचं.

"तात्या, झाडं उतरवा, नायतर मीच कोयता घेऊन येते!"

"एकदम छाटलं तर झाड धसका घेतं, हिराबाई. रोज एक वीत. शास्त्र आहे त्याला!"

"ते शास्त्र माज्या बोंबलांना सांगा! ते थांबणार हायत तुमच्यासाटी?"

झालं! रोज सकाळी तात्या शिडीवर, हिरूआते खाली. ती एक फांदी दाखवायची, हे मुद्दाम दुसरीच तोडायचे. ती ओले बोंबील नाचवायची आणि बोंबलाच्या नुसत्या नावानं आंघोळ करणारे तात्या नाकाला उपरणं लावून वरून विचारायचे, "कालच्यापेक्षा बरे दिसतायत का हो?"

"तात्या, हे एका दिवसाचं काम आहे," मी एकदा वैतागून म्हणालो. तर माझ्याशी दिवसभर अबोला! मग मला एक गंमत दिसली. हिरूआते यायच्या आत तात्या दाढी करून, धुतलेली टोपी घालून तयार असायचे. बायको वारल्यापासून ओटीवर मुकाट बसून असणारा हा माणूस!

एका सकाळी हिरूआते भांडलीच नाही. नासक्या बोंबलांची पाटी तिनं माडाच्या बुंध्याशी ओतली आणि पदरानं तोंड पुसत आत गेली.

तात्यांनी शिडीवरूनच ते सगळं पाहिलं. मग कोयता असा काही चालला, की मला फांद्या चुकवता येईनात. शास्त्र नाही, वीत नाही. दुपारपर्यंत कुंपण डोक्याएवढं झालं आणि वलांड्यांवर लख्ख ऊन पडलं.

हिरूआते धावत बाहेर आली. उन्हात हात धरून बघितला आणि खळखळून हसली. "झ्याक झाला, तात्या! उद्यापासून माजी कटकट नाय तुमाला!"

शिडीवरून एक पाय खाली टाकलेले तात्या तसेच थबकले आणि एकदम बोलून गेले,

"अहो, मग उद्या भांडायला कोण येणार?"