भिंतीची आंघोळ

खरं सांगू? अख्ख्या कोल्हापुरात फोटोग्राफीतलं कळणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे मी, यज्ञेश्वर! आता मी सरकारी कचेरीत कारकून आहे, ही नशिबाची नजरचूक समजा.

लोक देवळाचे फोटो काढतात, रंकाळ्याचे काढतात. मी नाही! मी काढतो जुन्या भिंतींवरच्या विटलेल्या जाहिराती. दंतमंजन, केशतेल, बिड्या! अर्धी अक्षरं उडालेली, रंगाचे पोपडे सुटलेले. आमची कालिंदी म्हणायची, "अहो, आपल्या न्हाणीच्या भिंतीलाही पोपडे आलेत. तिचा काढा की!" घरात कलाकाराला बायकोनं विचारायचंच नसतं, असा नियम असावा.

१९७४च्या दिवाळीनंतर मी प्रदर्शनच जाहीर करून टाकलं. हॉल घेतला, साहेबांना उद्घाटनाला बोलावलं, पत्रिका वाटल्या. त्यात ठळक अक्षरात छापलं, 'खास आकर्षण : मोरपंख तपकिरीची भिंत'. ही भिंत शाहूपुरीतल्या भूपाल अण्णांच्या धान्याच्या दुकानाची. तिच्यावर तपकीर ओढणारे एक गृहस्थ रंगवलेले होते. पावसापाण्यानं गृहस्थ वाहून गेले, नाक तेवढं राहिलं. पण काय नाक! फक्त त्याचा फोटो अजून काढायचा होता.

शुक्रवारी संध्याकाळी गेलो, तर ऊन कललेलं आणि रोलमध्ये एकच फोटो उरलेला. तो वाया जायला नको, म्हणून अण्णांना म्हटलं, "रविवारी सकाळी येतो. भिंतीचा फोटो काढायचाय."

"म्युन्शिपाल्टीचं काय तुमी? घरपट्टी वाढवाय आलाय?"

"नाही हो! प्रदर्शनात लावणार आहे."

"आमची भिंत? परदर्शनात?" अण्णा गादीवरून उठलेच. "सगळं कोल्हापूर बघणार?"

"सगळं!"

"कबनूरचं लोकबी?"

"येतील की!"

अण्णांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "पावणं, तुमी बिनघोर या. काय सुदिक कमी पडणार न्हाय."

काय हा रसिक माणूस! 

रविवारी सकाळी कोपऱ्यावर वळलो आणि सायकलवरून पडता पडता वाचलो. भिंत लखलखत होती. गुलाबी! सिनेमाचे बोर्ड रंगवणारा गुंडू पेंटर शिडीवरून शेवटचा हात मारत होता. माझ्या नाकाला आता कपाळ फुटलं होतं, फेटा, झुबकेदार मिशा, गालावर लाली... आणि चेहरा थेट भूपाल अण्णांचा!

"अण्णा! हे काय केलंत?"

"कालपास्नं गुंडू शिडीवरनं खाली उतरला न्हाय," अण्णा खुशीत म्हणाले. "फोटूला कोण पारोसं उभं ऱ्हातंय व्हय? माणूस आंघोळ करतंय, पावडर लावतंय. मग भिंतीनंच काय घोडं मारलंय?"

"अहो, पण मला जुनीच हवी होती! पोपडे हवे होते!"

"पोपडं?" अण्णांची बायको त्रिशलाकाकू कडाडल्या. "आमच्या अरुणाचं लगीन कबनूरच्या घरात जमत आलंय. त्या लोकांनी परदर्शनात आमच्या भिंतीचं पोपडं बघायचं? आमाला अब्रू न्हाय काय?"

तोवर भिंतीपुढं सतरंजी पडली, खुर्च्या आल्या, नवे कपडे घालून सगळं घर बसलं. गुंडूही ब्रश घेऊन कडेला उभा राहिला.

"हं पावणं, दाबा!" अण्णांनी हुकूम सोडला. "भिंत सगळी आली पायजे बगा!"

रोलमधला शेवटचा फोटो! मनातल्या मनात रडत दाबला.

पुढच्या रविवारी पत्रिकेची लाज राखायला तोच फोटो मधोमध टांगला. लोक आले. माझ्या अकरा कलाकृतींवरून भराभरा पुढं गेले आणि सगळी झुंबड त्या एका फोटोपुढं! कबनूरचे पाहुणे तर अर्धा तास हललेच नाहीत. तिथल्या तिथं सोयरीक पक्की झाली, अण्णांनी हॉलभर पेढे वाटले. आमच्या साहेबांनी दोन उचलले आणि म्हणाले, "आमच्या फॅमिलीचा कधी काढताय?"

मी कोपऱ्यात मान खाली घालून उभा होतो. कालिंदी जवळ आली. त्या फोटोकडं टक लावून बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत चक्क कौतुक! अठरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच! मी मान वर केली, छाती पुढं काढली.

"अहो," ती म्हणाली, "कशाचा आहे हे विचारावं लागलं नाही, असा तुमचा हा पहिलाच फोटो!"