छबूताईंची गिऱ्हाइकं

नखं रंगवून घ्यायला आलेल्या बाईला नखं न रंगवता घरी पाठवणाऱ्या छबूताई मी पहिल्यांदा पाहिल्या, तेव्हा परत पाठवली गेलेली बाई मीच होते.

औरंगपुऱ्यात एका बांगड्यांच्या दुकानाच्या वर त्यांची खोली आहे. नणंदेच्या मुलीचं लग्न होतं, म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच मी जेल पॉलिश करून घ्यायला गेले होते. छबूताईंनी माझा हात धरला, मला तशीच उठवून खिडकीपाशी नेलं, उजेडात बोटं उलटीसुलटी करून पाहिली आणि भांडी कोण घासतं असं विचारलं. मी घासते म्हटल्यावर त्यांनी माझा हात मलाच परत दिला. नखं सोलायला लागलीत, यावर आज काही चढवलं तर आहेत तीही जातील, खोबरेल लावा आणि पंधरवड्यानं या, असा निकाल दिला. मी म्हटलं, अहो, लग्न परवावर आलंय.

"लग्न तुमचं हाय का?" त्यांनी शांतपणे विचारलं.

जिना उतरताना खरं तर मला राग यायला हवा होता. पण मी इतकी अवाक झाले होते की रागवायचं राहूनच गेलं. पंधरवड्यानं मी पुन्हा गेले, आणि तेव्हापासून जातेच आहे.

दुसऱ्या खेपेला गेले तर खोलीत कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं, बाई मागं वरणभात लावून बसल्यात. छबूताईंनी कुकर उतरवला, झाकण उघडलं, आणि आतून चिमट्यानं एकेक कातरी, कानस, नेलकटर बाहेर काढलं. एका बाईला लावलेलं हत्यार उकडल्याशिवाय दुसरीला लावायचं नाही, हा त्यांचा नेम. घाई असलेल्या बायका चुळबुळत बसतात, पण शिट्ट्या पुऱ्या झाल्याशिवाय कुणाच्या बोटाला हात लागत नाही.

छबूताईंचं बालपण वेरूळकडच्या एका वस्तीवर मेंढरांमागं गेलं. लग्न होऊन शहरात आल्या, एका पार्लरमध्ये बायकांचे पाय घासता घासता नखांचं काम शिकल्या, आणि नवरा वारल्यावर ही खोली घेतली. तरी मेंढरं काही सुटली नाहीत. "मेंढराचा खूर आन बाईचं नख, येळेवर नाय तासलं की चाल बिघडती," हे वाक्य त्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवतात. एका बिल्डरच्या बायकोला हे ऐकून घाम फुटला होता, पण तीही महिन्याच्या महिन्याला येते.

काम झालं की दुसऱ्या दिवशी फोन येतो. नख दुखतंय का, कडेला उचललंय का, कणीक मळताना अडकतं का. मी शाळेत शिकवते. एकदा मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये फोन वाजला आणि करंगळी कशी आहे याचं सविस्तर उत्तर मला त्यांच्यासमोर द्यावं लागलं.

श्रावणात वेरूळला दर्शनाच्या रांगेत उभी होते. मागून कुणीतरी माझं मनगट पकडलं. मी दचकून वळले, तर छबूताई. माझ्या एका नखाचा टवका उडाला होता, तो त्यांना चार बायका सोडून मागून दिसला होता. कमरेच्या पिशवीतून कानस काढून देवाच्या दारात त्यांनी माझं नख गोल करून दिलं. लाजेनं मला कुठं बघावं कळेना. तेवढ्यात पुढच्या अनोळखी बाईंनी आपलाही हात पुढं केला.

पण खरा धक्का बसायचा होता तो देशमुख मॅडमच्या वेळी. त्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवतात. लहानपणी दारात चेंगरल्यामुळं त्यांच्या डाव्या अंगठ्याचं नख कागदासारखं पातळ आहे. छबूताईंकडं त्या माझ्याही आधीपासून जायच्या. मग मोठ्या रस्त्यावर काचेच्या दाराचं, एसीचं नवं दुकान निघालं आणि मॅडमना तिथं जावंसं वाटलं. माणूस सरळ, त्यांनी छबूताईंना फोन करून तसं सांगून टाकलं. छबूताईंनी फक्त कोणत्या दिवशी जाणार तेवढं विचारलं.

सोबत म्हणून मी गेले होते. तिथल्या पोरीनं मॅडमचा हात घेतला आणि म्हणाली, "डाव्या अंगठ्याला घासायचं मशीन लावणार नाही, मॅडम. औरंगपुऱ्यातून एका ताईंचा फोन आला होता."

मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या, मी त्यांच्याकडं.

संध्याकाळी मी जिना चढून वर गेले. छबूताई एकट्याच टॉवेलांच्या घड्या घालत बसल्या होत्या. मी विचारलं, ताई, गिऱ्हाईक सोडून चाललेलं, आणि तुम्ही त्याच दुकानात फोन करून अंगठा जपायला सांगता?

घडी घालता घालता त्या म्हणाल्या, "लेक सासरी देताना सांगत्यातच की, हिला तिखट सोसत नाय म्हणून."

छबूताईंना मूलबाळ नाही. मी त्यांच्या शेजारी बसून उरलेल्या टॉवेलांच्या घड्या घातल्या.

पुढच्या महिन्यात देशमुख मॅडम औरंगपुऱ्यातला जिना चढून परत आल्या. छबूताईंनी एका शब्दानं टोमणा मारला नाही. आधी खालून चहा मागवला. मग अंगठा हातात घेतला, आणि काम संपेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या, तिथं काही तरास तर दिला नाय ना.