उणे वीसमधला मांडव

दक्षिण ध्रुवावर जायची परीक्षा सुप्याच्या आइस्क्रीम कारखान्यात द्यावी लागेल, असं कुणी सांगितलं असतं तर राजनंदिनीने त्याला वेड्यात काढलं असतं. पण श्रीगोंद्यात बर्फ मिळतो तो रसवंतीत, आणि मोहिमेच्या निवड समितीला व्हिडिओ हवा होता. उणे वीस अंशांत, जाडजूड हातमोजे घालून, एकटीने, पंधरा मिनिटांत तंबू उभारायचा. तिकडच्या बर्फातल्या शेवाळावर चार वर्षं डोळे फोडून केलेला अभ्यास या व्हिडिओवर अडला होता, आणि मुदत त्याच दिवशी सहाला संपत होती.

कारखान्याची शीतखोली मिळाली ती चुलत्याच्या, अजिनाथआप्पांच्या, वशिल्याने. आप्पा मांडववाले, कारखान्याच्या उद्घाटनाचा मांडव त्यांचाच होता. मॅनेजरने जेवणाच्या सुट्टीतला पाऊण तास दिला. आता ज्याने खोली मिळवून दिली त्याला बाहेर कसं उभं करायचं? आप्पा माकडटोपी चढवून मोबाईल धरायला आत आले.

"आप्पा, फक्त शूटिंग करायचं. बोलायचं नाही."

"मी कशाला बोलतोय?"

तिसऱ्याच मिनिटाला आप्पांना राहवलं नाही. "आगं, दांडी तिरकी चाललीय!"

"आप्पा!"

"बरं, ऱ्हायलं."

तो व्हिडिओ बाद झाला. दुसऱ्या खेपेला आप्पा गप्प राहिले, पण थंडीने मोबाईलने मान टाकली. त्याला आप्पांच्या काखेत ऊब देऊन जागं करण्यात दहा मिनिटं गेली. तिसऱ्या खेपेला मोबाईल भीमा नावाच्या कामगाराकडे दिला. इथेच घात झाला, कारण आप्पांचे हात मोकळे झाले.

राजनंदिनी उत्तम चालली होती. नऊ मिनिटांत दोन्ही दांड्या बसल्या. तेवढ्यात खोलीचा मोठा पंखा सुरू झाला आणि तंबू फुगला. ती शिकल्याप्रमाणे एका कोपऱ्यावर पालथी पडली. वारा सुटला की असंच धरून ठेवायचं असतं, आणि समितीला नेमकं तेच बघायचं होतं.

"मांडव उडाला!" आप्पा ओरडले आणि धावले. उघड्या हातांनी त्यांनी चारी दोऱ्या आइस्क्रीमच्या क्रेटना आवळल्या. तीन मिनिटांत तंबू ताठ उभा राहिला. मग आप्पांनी मोबाईलकडे बघून नमस्कारही केला.

"झालं बघ! उगी घाबरतीस."

"आप्पा, मला एकटीला करायचं होतं!"

"आसं कसं? चुलता हितं उभा आसताना पोरीनं एकटीनं मांडव घालायचा? लोक त्वांडात शेन घालतील माझ्या."

भोंगा झाला. मॅनेजरने घड्याळ दाखवलं आणि खोलीला कुलूप लागलं. राजनंदिनीला इतका संताप आला की गाडीत बसल्यावर रडूच फुटलं. आप्पा तिला नाक पुसायला रुमाल देत होते आणि सर्दी झाली असं समजत होते. शेवटी तोच व्हिडिओ तिने पाठवला. सोबत खुलाशाचं लांबलचक पत्र जोडलं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. तिची निवड झाली नव्हती. खाली दोन ओळी जास्तीच्या होत्या: व्हिडिओतले गृहस्थ उघड्या हातांनी ज्या गाठी मारतात तसा माणूस तळावरच्या तंबूंसाठी हवा आहे, त्यांनी अर्ज करावा.

चौकात आप्पांचा फ्लेक्स लागला. रतनबाई काकूंनी पुरणपोळ्या केल्या आणि राजनंदिनीच्या ताटात दोन जास्त वाढल्या. "आगं, घरातलंच मानूस चाललंय की. त्वांड पाडून बसू नगंस."

अर्ज इंग्रजीत होता, म्हणून भरायला तीच बसली. नाव, वय, शिक्षण आठवी पास. 'बर्फात काम केल्याचा अनुभव' या रकान्यात तिने प्रामाणिकपणे तीन मिनिटं लिहिलं. आप्पा शेजारी मांडी घालून बसले होते.

"पोरी, एक इचारू? तिथं ही मानसं कशापायी जात्यात गं? हाय काय तिथं?"

राजनंदिनीने शेवाळावरची आपली चार वर्षं त्यांना चार वाक्यांत सांगितली.

आप्पांनी नीट ऐकून घेतलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"येवढंच व्हय? मंग येताना आनतो की तुला. किती लागतंय?"