ताईचे एक्स-रे आणि सासूबाईंचा टीव्ही

आमच्या नात्यात कॉम्प्युटरमधलं कळणारा मी एकटाच. हे मी अभिमानाने सांगायचो तेव्हा डोक्यावर केस होते. आता कुणाचाही प्रिंटर अडला की फोन मला येतो, आणि मी मुकाट्याने जातो.

माझी ताई दातांची डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर. पेशंटचे सगळे एक्स-रे खुर्चीजवळच्या कॉम्प्युटरमध्ये कोंबलेले, त्यामुळे तो धापा टाकायचा. मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना! आतल्या खोलीत फाइली साठवायची एक पेटी बसवली आणि कॉम्प्युटर तिला जोडून दिला. फोल्डर समोर दिसायचा, फाइली मात्र आतल्या पेटीत. तशीच दुसरी पेटी वरच्या मजल्यावर, टीव्हीला जोडून, म्हणजे ताईच्या सासूबाईंना घरचे फोटो मोठे दिसतील. दोन्ही पेट्या सारख्या, पासवर्ड एकच, आतल्या फोल्डरचं नावही एकच: ‘फोटो’. लक्षात ठेवायला सोपं.

हीच हुशारी नडली. त्याचं असं आहे, घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक नंबर देतो, लॉजवाला पाहुण्याला खोली देतो तसा. कोणती पेटी कोणत्या नंबरवर सापडेल ते मी कॉम्प्युटरला आणि टीव्हीला सांगून ठेवलं होतं. ते नंबर कायमचे राखून ठेवायचं तेवढं राहून गेलं. एका दुपारी वीज गेली आणि आली. राउटर सगळं विसरून जागा झाला आणि दोन्ही पेट्यांच्या खोल्यांची अदलाबदल झाली. कॉम्प्युटरने नेहमीचं दार वाजवलं, पासवर्ड जुळला, ‘फोटो’ सापडला. संशय यावा असं त्याला काही दिसलंच नाही.

मी ऑफिसात डोळे चोळत बसलो होतो, तर ताईचा फोन. आवाज अगदी हळू.

"खुर्चीत पेशंट आहे, भूल दिलीय. दाढेचा एक्स-रे उघडते तर तुझे भावजी दिसतायत. बनियनवर, कलिंगड खाताना."

मी तिला दुसरी फाइल उघडायला सांगितली. त्यात भावजी बर्म्युडा घालून पोहण्याच्या तलावाच्या काठावर उभे होते. मग कुणी न विचारता मी जाणकारासारखं मत दिलं की एक्स-रे बहुधा पुसले गेले. वर्षानुवर्षांचे पेशंट होते त्यात. ती एवढंच म्हणाली, "ये."

पोचलो तेव्हा पेशंट तोंड उघडं टाकून पडद्याकडे बघत होता. तो शिंपी होता. बोलता येत नव्हतं, पण भावजींच्या बर्म्युडाची शिवण वाकडी गेलीय, हे त्याने मला बोटाने दाखवलं. मी आतली पेटी बंद-चालू करायला घेणार, तेवढ्यात भावजी स्वतः जिन्यावरून खाली आले आणि म्हणाले, आईच्या मैत्रिणी विचारतायत, टीव्हीवर दात का येतायत?

माझा जीव भांड्यात पडला. पुसले नव्हते तर! आनंदाने ताईकडे पाहिलं, तर ती पांढरीफटक. प्रत्येक एक्स-रेखाली पेशंटचं नाव असतं. हातमोजे तसेच ठेवून ती जिना चढली, मागे मी.

वर मैत्रिणींत एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. या वयात आपले सगळे दात स्वतःचे आहेत, हे त्यांनी गावभर सांगितलेलं. टीव्हीवर त्यांचाच जबडा होता, खाली ठळक नाव, आणि जबड्यात खोटे दात बसवलेले चांगले चार स्क्रू. सासूबाईंना नीट दिसेना म्हणून त्या रिमोटने चित्र मोठं करत होत्या.

ताईने टीव्ही बंद केला आणि हात जोडले. पेशंटची गोष्ट पेशंटपाशीच राहायला हवी होती, माझी मोठी चूक झाली, असं ती म्हणाली. चूक माझी होती. मी पडद्यामागे, म्हणजे खरोखरच्या, खिडकीच्या पडद्यामागे सरकलो होतो. तिथून बाहेर येऊन मीही माफी मागितली.

त्यांच्या शेजारी बसलेली मैत्रीण म्हणाली, "स्क्रू?"

मुख्याध्यापिका सावकाश तिच्याकडे वळल्या. "हो, स्क्रू. रात्री काढून ग्लासात ठेवावे लागत नाहीत."

मी खाली येऊन राउटरमध्ये नंबर पक्के केले, पासवर्ड वेगळे केले, फोल्डरांची नावं बदलली. चहा गार व्हायच्या आत होणारं काम. तोवर शिंप्याची भूल उतरली होती. त्याला पुन्हा सुई टोचावी लागली आणि त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं.

पुढे ती ग्लासवाली मैत्रीण स्क्रू बसवायला आली. तिच्यामागून तिची जाऊ. ताईला आता श्वास घ्यायला फुरसत नसते. तिने माझे आभार मानले नाहीत आणि मीही विषय काढला नाही.

परवा माझीच दाढ ठणकायला लागली. दवाखान्यात फोन केला तर रिसेप्शनवालीने पुढच्या महिन्यातली वेळ दिली. मी कण्हत म्हटलं, अहो, मी डॉक्टरांचा सख्खा भाऊ.

"माहितेय," ती म्हणाली. "म्हणूनच पुढचा महिना."