बाणाची खूण

हत्यार ओळखावं तर सुभेदारांनीच! असं खुद्द सुभेदारच सांगत, त्यामुळे शंका घ्यायची सोयच नव्हती. आता सुभेदार म्हणजे काही सैन्यातले नव्हेत. त्यांची उभी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेली. पण निवृत्त झाल्यावर महायुद्धातल्या रायफलींचं किडुकमिडुक सामान जमवायचा नाद लागला आणि शेजाऱ्यांनी ही पदवी बहाल केली. रायफल नव्हे हं, तिचं नुसतं सामान! रायफलीच्या लाकडी दस्त्यात ठेवायची तेलाची पितळी बाटली, नळी साफ करायची दोरी, पट्ट्याच्या कड्या, पलटणीतले कारागीर वापरायचे ते पाने. या सगळ्याने मागची खोली गिळून टाकली होती.

आणि नेमकी तीच खोली आता हवी होती. लेक तान्ह्या बाळाला घेऊन राहायला येत होती.

"संध्याकाळपर्यंत खोली रिकामी झाली नाही," बायको म्हणाली, "तर बाळ पलंगावर झोपेल, मी त्याच्याजवळ, आणि तुम्ही त्या दोरीला लटकून झोपा." तिच्या आवाजात राग नव्हता. राग केव्हाच दमून बसला होता.

"अगं, आज संग्रहालयाचे साहेब येतायत ना! सगळं नेणार आहेत. वर माझ्या नावाची पाटी!"

"पाटीसकट नेऊ देत."

फक्त एका वस्तूची ओळख पटायची बाकी होती. भंगारवाल्याकडून आणलेल्या डब्यांत ती सापडली होती. बोटभर लांबीची लोखंडी किल्ली, एक टोक चपटं, दुसऱ्या टोकाला चौकोनी भोक, आणि अंगावर कोरलेला बाण! त्या काळी इथल्या सैन्याच्या सरकारी मालावर बाणाचीच खूण असायची. सुभेदारांना तर हर्षवायूच व्हायचा बाकी राहिला.

त्यांची ओळखायची रीत साधी होती. वस्तू जिथे तिथे लावून बघायची. जिथे बसेल, तिथली ती! मग काय, ते चपटं टोक घरातल्या एकूण एक स्क्रूला लावून झालं. टेबल, खुर्च्या, दारांच्या मुठी, काही सोडलं नाही. स्क्रू जरासा सैल व्हायचा आणि टोक घसरायचं.

"पाहिलंस? घरातल्या कशालाच धड बसत नाही. म्हणजे लष्करीच!"

"ते सैल केलेलं आवळा आधी."

"आवळतो गं!" म्हणाले, आणि विसरले.

बायको लेकीला आणायला स्टेशनवर गेली आणि साहेब आले. बिचारे आधीच दमलेले दिसत होते. दोघं मागच्या खोलीत शिरले आणि वाऱ्याने दार धाडकन लागलं.

"बाटली अस्सल आहे," साहेब म्हणाले. "दोरीही."

सुभेदारांची छाती फुगली. "आणि ही बघा! नळीच्या टोकाला नेम धरायची माशी असते ना, ती सरकवायची किल्ली! बाण बघा, बाण!"

"हं," साहेब म्हणाले. किल्लीकडे पाहिलं, मग सुभेदारांकडे. "आधी चहा मिळेल का?"

"अहो, आत्ता आणतो!" सुभेदारांनी दाराची मूठ धरली आणि ती अख्खी हातात आली. दारात उरली नुसती चौकोनी लोखंडी कांडी. बोटांनी फिरवून पाहिली, रुमाल गुंडाळून फिरवली, ढिम्म हलेना! खिडकीला गज होते.

तेवढ्यात खोलीच्या बाहेरून आवाज आला. "बाबा! दार उघडा ना!" लेक होती. पाठोपाठ बाळाचं रडणं.

"अगं, बाहेरून उघड!"

खडखड झालं. मग बायकोचा थकलेला आवाज. "मूठ माझ्या हातात आली."

"ती किल्ली द्या इकडे," साहेब म्हणाले.

"छे छे! ऐतिहासिक वस्तू आहे. वाकली म्हणजे?"

बाहेर नातू आता टाहो फोडत होता. अजून सुभेदारांनी त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं. त्यांना राहवेना. किल्ली साहेबांना न देता त्यांनी स्वतःच त्या कांडीवर लावली. चौकोनी भोक असं बसलं की जणू तिथेच जन्मलं होतं! सुभेदारांचा चेहरा पडला.

"बाणाच्या दिशेने फिरवा," साहेब हळूच म्हणाले. "त्यासाठीच कोरलाय तो."

खट! दार उघडलं.

बायकोने आधी किल्ली पाहिली, मग नवऱ्याला. "अहो, ही तर दारं बसवली तेव्हा सुताराने दिली होती! मूठ तुटली तर असू द्या म्हणून. सगळं घर पालथं घातलं मी हिच्यासाठी, आणि ही तुमच्या त्या डब्यांत जाऊन पडली होती होय!"

साहेबांनी बाकी सगळं नेलं, पाटीचंही कबूल केलं. किल्ली तेवढी टेबलावर ठेवली. "ही राहू द्या. तुम्हाला लागेल."

खोली झाडली, पलंग लागला, बाळ झोपलं. सुभेदारांचं अंग नि मन दोन्ही आंबून गेलं होतं. ते बाहेरच्या खोलीत आले आणि हुश्श करून खुर्चीत बसले. खुर्ची करकरली आणि एका अंगाला कलू लागली. सुभेदारांनी टेबल धरलं. तेही कललं.

दारातून बायको कुजबुजली, "बाळ आत्ताच झोपलंय. पडायचं असेल तर आवाज न करता पडा."